जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी तिचे दात मोजा



गेल्या काही महिन्यांपासून आमच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न सारखा फिरतो आहे. "सर, सेकंड हँड इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?" विचारणारे सगळे आपल्यासारखेच. कोणी अमरावतीहून रोज दर्यापूरकडे जातं, कोणी अकोल्याहून बाळापूरकडे. नवी इलेक्ट्रिक गाडी परवडत नाही, पेट्रोल शंभरी ओलांडून बसलेलं, आणि मोबाईलवर चार-पाच वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती येत राहतात. गाडी चकचकीत, किलोमीटर कमी, किंमत नव्याच्या निम्मी. मोह होतोच.

मलाही झाला होता. 2024 च्या दिवाळीत मी अशी गाडी घेतली, चुकीच्या पद्धतीनं घेतली, आणि यंदा विकली. त्या अनुभवातून माझं एक ठाम मत झालं आहे, ते आधीच सांगून टाकतो. वापरलेली इलेक्ट्रिक गाडी वऱ्हाडात घेण्यासारखी आहे, पण बॅटरीची तब्येत लेखी मिळाल्याशिवाय घेऊ नये. आणि विकणाऱ्यानं, विशेषतः आपल्यासारख्या पगारदार माणसानं, ते लेखी न मागता द्यावं.

बाबांचा प्रश्न

मी पतसंस्थेचं कर्ज काढून 2021 सालची गाडी एका मोठ्या शहरातल्या डीलरकडून आणली. गाडीचं आणि डीलरचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांच्यापेक्षा माझ्या न विचारण्याचा जास्त होता. मी काय पाहिलं? रंग, टायर, सीट कव्हर आणि मीटरवरचे 31 हजार किलोमीटर. डीलरनं चावी फिरवली, स्क्रीनवर 100 टक्के चार्जिंग आणि पुढे 240 किलोमीटर असा आकडा आला. "साहेब, अकोला जाऊन-येऊन करा, टेन्शन नाही." मी सही केली.

पुढच्या मे महिन्यात बाबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी अकोल्याला न्यायचं होतं. अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. जाऊन-येऊन दोनशे. स्क्रीन म्हणते 240, म्हणजे झालं, असं माझं गणित. सकाळी निघालो. एसी चालू, रस्ता मोकळा. अकोल्यात पोहोचलो तेव्हा बॅटरी 36 टक्के. पोटात गोळा आला. तपासणी झाल्यावर चार्जर शोधला, तो बंद होता. दुसरा भर उन्हात शोधत फिरायची हिंमत नव्हती, म्हणून सावकाश मूर्तिजापूरपर्यंत आलो. तिथं 8 टक्के उरले. नशिबानं मावसभावाचं घर तिथं आहे. त्याच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली आणि चार तासांहून जास्त वेळ बसून राहिलो. डोळ्यांत औषध घातलेले बाबा कूलरसमोर खाटेवर पडले होते.

बाबा शेतकरी. आयुष्यात सात-आठ बैलजोड्या घेतल्या असतील. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी बैल घ्याले जाओ तं आधी जबडा उघडून दात पाहो. दोन दाती हाय का चार दाती, का जुळलेला, ते समजल्याबिगर इसार नाही देल्ला कधी. तुनं एवढ्या पैशाची वस्तू आनली अन् शिंगाचा रंग पाहून आनली काय?"

मी गप्प बसलो. कारण मला खरंच माहीत नव्हतं की गाडीला दात असतात.

बॅटरी म्हणजे गाडीचं वय

पेट्रोल गाडीचं वय आपण किलोमीटरवरून ओळखतो, कारण इंजिन धावून झिजतं. इलेक्ट्रिक मोटर फार कमी झिजते. झिजते ती बॅटरी, आणि ती उभ्या गाडीतही झिजते. काळ, उष्णता, वारंवार फास्ट चार्जिंग आणि दिवसेंदिवस 100 टक्के भरून ठेवणं, या चार गोष्टींनी तिच्यात वीज मावण्याची जागा हळूहळू कमी होते. रांजण तोच दिसतो, पण आतून गाळ साचून पाणी कमी मावतं, तसं समजा.

इथं फसगत अशी होते की रांजण भरला की स्क्रीन 100 टक्केच दाखवते. पूर्वी 30 घागरी मावत होत्या, आता 25 मावतात. दोन्ही वेळा "पूर्ण भरला" हे खरंच असतं. म्हणून 100 टक्क्यांच्या आकड्यावरून काही कळत नाही. त्याच्या शेजारचे किलोमीटरही गाडी मागच्या चालवण्यावरून अंदाजानं सांगते. डीलरच्या पोरानं ती चार दिवस एसी बंद ठेवून गल्लीत हळू फिरवली असेल तर आकडा फुगणारच.

आणि जाहिरातीतला आकडा तर चाचणीतला असतो. 2019 मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाई कोनाचं उदाहरण घ्या. बॅटरी 39.2 किलोवॉट-तास, प्रमाणित अंतर 452 किलोमीटर. (एक किलोवॉट-तास म्हणजेच आपल्या लाईट बिलावरचं एक युनिट.) हायवेवर एसी लावून कोणतीही मध्यम गाडी साधारण 0.16 युनिट प्रति किलोमीटर खाते असं धरलं, तर 39.2 भागिले 0.16 बरोबर 245. कंपनी खोटं बोलते असं नाही. चाचणीचा वेग आणि आपल्या हायवेचा वेग यांत फरक आहे.

आपला हायवे तर फारच चांगला झाला आहे. जून 2022 मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग 53 वर, लोणी ते माना या भागात, 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता, ते आपल्याला आठवत असेल. रस्ता गुळगुळीत झाला की पाय आपोआप दाबला जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 ऐवजी 100 च्या वेगानं गेलो तर तो दीडपटीहून जास्त होतो. विज्ञान शिकवणाऱ्यांना हे माहीत असतं. गाडी चालवताना आपण विसरतो, एवढंच. मी विसरलो होतो.

वऱ्हाडचं ऊन आणि अ‍ॅरिझोनाची गोष्ट

"सर, पुण्या-मुंबईत चालते हो, आपल्या उन्हात बॅटरी टिकते का?" हा पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून समजत नाही. मे 2024 मध्ये उष्णतेमुळे जिल्ह्यात कलम 144 लावावं लागलं होतं.

याचं उत्तर जगानं आधीच एकदा अनुभवलं आहे. निसान कंपनीची लीफ ही गाडी डिसेंबर 2010 मध्ये आली. तिची बॅटरी थंड करायला पाण्याची नळी किंवा वेगळी यंत्रणा नव्हती, नुसती हवा. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या आसपास, आपल्यासारखंच ऊन. 2012 पर्यंत तिथले मालक तक्रार करू लागले की दोन वर्षांच्या आत बॅटरीची घरं कमी झाली. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी कंपनीला बॅटरीच्या क्षमतेचीही हमी द्यावी लागली. बॅटरीच्या 12 पट्ट्यांपैकी 9 पट्ट्या 5 वर्षं किंवा 60 हजार मैलांपर्यंत टिकल्या पाहिजेत, अशी ती हमी होती.

यातून धडा असा, की ऊन बॅटरीला मारतंच असं नाही. थंड ठेवण्याची सोय नसलेल्या बॅटरीला ते लवकर म्हातारं करतं. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या चारचाकी गाड्यांत बॅटरीभोवती द्रव फिरवून तिला थंड ठेवतात. पण जुन्या बाजारात त्याआधीच्या गाड्याही आहेत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "या मॉडेलची बॅटरी लिक्विड कूल्ड आहे का?" नसेल, तर आपल्या भागात ती गाडी फुकटात मिळाली तरच विचार करा, असं माझं मत.

आणखी एक गैरसमज. "तीन सालात बॅटरी डब्बा होते" असं गावात सर्रास म्हणतात. हा अनुभव खरा आहे, पण तो घरच्या इन्व्हर्टरचा आणि जुन्या ई-रिक्षाचा. त्या शिशाच्या बॅटऱ्या. आपल्या देशातली 2001 सालची रेवा गाडीसुद्धा सुरुवातीला शिशाच्याच बॅटरीवर चालायची. आजच्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते, आणि बहुतेक कंपन्या तिला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी देतात. दोन्हींना एकाच मापानं मोजू नका.

दात मोजायची रीत

आता मुद्द्याची गोष्ट. कुठलंही महागडं यंत्र न घेता बॅटरीची तब्येत अंदाजानं मोजता येते. सातवीतल्या शेकडेवारीवर काम भागतं. आकडे सोपे करून सांगतो.

समजा गाडीची बॅटरी नवी असताना 30 युनिटची होती. ती 20 टक्क्यांवर आल्यावर घरच्या सॉकेटवर लावा आणि मध्ये एक छोटं मीटर बसवा. वीजतंत्री हे मीटर स्वस्तात बसवून देतो. 80 टक्के झाल्यावर बंद करा. समजा मीटरवर 17 युनिट खर्च झाले. यातले साधारण 12 टक्के चार्जर गरम होण्यात जातात. म्हणजे बॅटरीत गेले 17 × 0.88, सुमारे 15 युनिट. ही 15 युनिटं म्हणजे बॅटरीचे 60 टक्के. मग 100 टक्के किती? 15 भागिले 0.6, म्हणजे 25 युनिट. नवी असताना 30, आता 25. तब्येत 83 टक्के.

हा अंदाज आहे, त्यात चार-पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. कंपनी नव्या बॅटरीतही थोडी जागा राखून ठेवते, आणि स्क्रीनवरची टक्केवारीही कधीकधी चुकते. म्हणून जितक्या खालून जितकं वरपर्यंत चार्ज कराल तितकं उत्तर बरं येतं. पण 240 किलोमीटरच्या थापेपेक्षा हा अंदाज शंभर पटीनं चांगला.

पक्कं उत्तर हवं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट काढून मागा. विकणारा म्हणाला "त्याची काय गरज", तर तेच तुमचं उत्तर समजा.

कागद वाचताना

आपण शिक्षक माणसं, रोज कागदांतच असतो. पण गाडी घेताना कागद वाचायचा कंटाळा करतो. एवढं मात्र नक्की पाहा.

1. हमी दुसऱ्या मालकाला मिळते का? हल्ली काही कंपन्या "लाईफटाइम बॅटरी वॉरंटी" म्हणतात, पण ती पहिल्या मालकापुरती असते. एमजी विंडसरची आजन्म हमी पहिल्या मालकाला आहे, पुढच्या मालकाला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. महिंद्रा बीई 6 ची पुढच्या मालकाला 10 वर्षं किंवा 2 लाख किलोमीटर. "आजन्म" हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. कोणाचा जन्म, ते विचारा.

2. हमी नेमकी कशाची? बॅटरी बंद पडण्याची की क्षमता कमी होण्याची? क्षमतेची असेल तर किती टक्क्यांखाली गेल्यावर? 70 टक्के ही नेहमीची रेषा आहे. म्हणजे 72 टक्क्यांवर आलेली बॅटरी तुमच्यासाठी म्हातारी, पण कंपनीच्या कागदावर निरोगी. हमीबाहेर बॅटरी बदलायची तर खर्च लाखांत जातो, हे लक्षात ठेवा.

3. बॅटरी गाडीसोबत विकली जाते आहे का? काही गाड्या बॅटरी भाड्यानं या पद्धतीवर विकल्या गेल्या आहेत. गाडीची किंमत कमी, आणि बॅटरीचे पैसे दर किलोमीटरमागे. अशी गाडी घेताना तो करार कोणाच्या नावावर आहे ते न पाहता सही केली, तर बैल तुमचा आणि दावं दुसऱ्याचं अशी गत होईल.

4. नंबर प्लेट. हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. टॅक्सीत धावलेली गाडी रोज फास्ट चार्जरवर भरली गेलेली असण्याची शक्यता जास्त. आरसीवर आधीचा वापर काय होता ते पाहा.

5. जीएसटी. डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेनंतर "जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर 18 टक्के कर" अशी बोंब झाली. हा कर डीलरच्या नफ्याच्या रकमेवर आहे, पूर्ण किमतीवर नाही. आणि एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला विकली तर तो लागतच नाही. कोणी पूर्ण किमतीवर 18 टक्के मागत असेल तर हात जोडा आणि बाहेर पडा.

आणि किंमत ठरवताना एक ध्यानात असू द्या. सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. नवी छोटी पेट्रोल गाडी स्वस्त झाली, म्हणजे जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा भावही त्या हिशोबानं उतरायला हवा.

"हायब्रिड घेतो, झंझट नाही"

असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. पण हायब्रिड या एका पाटीखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड. हिची छोटी बॅटरी इंजिनाला थोडा हात देते, गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड, जशी 2022 मध्ये आलेली टोयोटा हायरायडर किंवा ग्रँड विटाराचं तसं मॉडेल. ही काही अंतर विजेवर चालते, पण तिला प्लग नसतो. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. तिसरी प्लग-इन हायब्रिड. हिला घरी चार्ज करता येतं आणि पेट्रोलचं इंजिनही असतं.

ऐकायला तिसरी सर्वांत सोयीची, पण आपल्या देशात ती जवळपास फक्त व्होल्वो, बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या गाड्यांत आली. जुनी स्वस्तात दिसली तरी तिच्यात इंजिनही सांभाळायचं आणि मोठी बॅटरीही, आणि अमरावती-अकोल्यात ती उघडून पाहणारा कारागीर मिळणं अवघड. पगारदार माणसानं त्या वाटेला जाऊ नये. आणि साध्या हायब्रिडला "प्लग-इन" म्हणून खपवत असतील तर एकच प्रश्न विचारा, "प्लग कुठं लावायचा ते दाखवा."

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

माझ्या मते तीन अटी पूर्ण होत असतील तर जुनी इलेक्ट्रिक गाडी आपल्यासाठी फायद्याचीच आहे. रोजचं अंतर ठरलेलं असावं, गाडी ठेवायला स्वतःची जागा आणि स्वतःचं मीटर असावं, आणि लांबच्या प्रवासाला घरात किंवा नात्यात दुसरी सोय असावी.

हिशोब पाहा. रोज 60 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 1500 किलोमीटर. 0.16 नं 240 युनिट. युनिटला 12 रुपये धरले तरी 2,880 रुपये. पेट्रोल गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर 100 लिटरचे 10,500 रुपये. महिन्याला साडेसात हजार वाचले. मात्र घरचं बिल वरच्या टप्प्यात जातं, म्हणून आपल्याच बिलावरचे दर घालून हे गणित पुन्हा करा. घरावर सोलर असेल तर चित्र आणखी चांगलं.

फ्लॅटमध्ये राहता, पार्किंगमध्ये स्वतःचा सॉकेट नाही, आणि घरात एकच गाडी आहे? मग आत्ता थांबा. केवळ रस्त्यावरच्या चार्जरच्या भरवशावर वऱ्हाडात राहू नका. म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून बंद चार्जरसमोर उभं राहणं काय असतं, ते मी पाहिलं आहे.

घेतलीच, तर सांभाळायचे चार नियम. रात्री चार्ज करा, भर दुपारी तापलेली गाडी आल्या-आल्या लावू नका. सावलीत ठेवा. टिनाच्या शेडपेक्षा कडुनिंब बरा. अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग चार्जर चालूच होत नाही. त्यात अधूनमधून पाणी टाका. आणि खास आपल्यासाठी, उन्हाळी सुट्टीत महिनाभर गावी जाताना गाडी 100 टक्के भरून उन्हात सोडून जाऊ नका. निम्म्यावर ठेवून सावलीत लावा.

विकताना माझी परीक्षा झाली

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला बसलो.

बाबांच्या अकोल्याच्या फेऱ्या वाढल्या, म्हणून यंदा मी गाडी विकायला काढली. तोवर मीटर लावून मोजलं होतं आणि सर्व्हिस सेंटरचा रिपोर्टही काढला होता. दोन्हींतून एकच कळलं, तब्येत 83 टक्क्यांच्या आसपास. एका दलालानं साडेसहा लाख सांगितले. "सर, रिपोर्टचं कोणाले काय समजते? दाखवूच नका," असा सल्लाही दिला.

त्याच आठवड्यात एका तरुण मॅडमचा फोन आला. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढून नुकत्याच नियमित वेतनश्रेणीत आलेल्या. मूर्तिजापूरला राहतात, शाळा 28 किलोमीटरवर, एसटीची वेळ जुळत नाही, घरी लहान बाळ. "सर, तुमची गाडी आहे म्हणून डोळे मिटून घेते," असं त्या म्हणाल्या.

खरं सांगतो, त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. मीही डोळे मिटूनच घेतली होती ना. रिपोर्ट कपाटात ठेवला असता तर कोणाला कळलं असतं? त्यांना, एखाद्या मे महिन्यात, बाळाला मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बोलावलं. रिपोर्ट समोर ठेवला आणि कागदावर गणित करून दाखवलं. त्यांचं जाणं-येणं 56 किलोमीटर, साधारण 9 युनिट. बॅटरीत आज 25 मावतात. उद्या तब्येत 70 टक्क्यांवर उतरली तरी 21 मावतील. म्हणजे त्यांच्या रोजच्या कामाला ही गाडी अजून कित्येक वर्षं पुरेल. पण अमरावती-अकोला जाऊन-येऊन एका चार्जमध्ये आजही होणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि भाव कमी करायला सांगितला. पावणेसहा लाखांत व्यवहार झाला. माझे पंचाहत्तर हजार कमी आले. पण त्या मॅडम मला रस्त्यात भेटल्या तर मला मान खाली घालावी लागणार नाही.

आणि यात एक गंमत आहे. खरं सांगितल्यानं सौदा मोडला नाही. उलट तीच गाडी योग्य माणसाकडे गेली. माझ्यासाठी ती अपुरी होती, त्यांच्यासाठी पुरेशी आहे. हे फक्त आकडा उघडा ठेवल्यामुळे कळलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आरटीओत गाडी नावावर करताना आपण फॉर्म 29 आणि 30 भरतो, पण बॅटरीची तब्येत त्यात कुठंच लिहावी लागत नाही. लिहावी लागली पाहिजे. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2022 च्या तांत्रिक नियमातही 5 वर्षांनंतर किमान 80 टक्के आणि 8 वर्षांनंतर 70 टक्के क्षमता अशी मर्यादा घातली आहे. आपल्याकडे सरकारी नियम येईल तेव्हा येवो, आपण का थांबायचं? मुलगा दुसऱ्या शाळेतून आला तर दाखला मागतोच ना आपण? तसाच गाडीचा दाखला मागा. आणि विकताना न मागता द्या.

आता मी काय घेतलं, असं विचाराल. पुन्हा जुनी इलेक्ट्रिकच, फक्त मोठ्या बॅटरीची. या वेळी बाबा सोबत होते. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला, टक्केवारीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दात होय का?"

म्हटलं, "हो बाबा, हेच दात."

"मंग दे इसार."

वर्गात घेण्यासाठी छोटा उपक्रम (इयत्ता 7 वी-8 वी): मुलांना घरच्या वीजमीटरचं वाचन सलग सात दिवस, एकाच वेळी लिहून आणायला सांगा. रोजचा वापर, आठवड्याची सरासरी आणि महिन्याचा अंदाज काढा. मग प्रश्न द्या, "तुमच्या घरी 25 युनिट बॅटरीची गाडी आली आणि ती आठवड्यातून तीनदा 20 ते 80 टक्के भरली, तर महिन्याचं बिल किती युनिटांनी वाढेल? चार्जिंगमध्ये 12 टक्के वाया जातात हे विसरू नका." शेकडेवारी मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहील, आणि उद्या गाडी घेताना ती डोळे मिटून सही करणार नाहीत.